सीड ४२, तरी दर वेळी नवा आकडा: देवनागरी अक्षरं ओळखणाऱ्या मॉडेलचं प्रकरण

कोड तोच, डेटा तोच, मशीन तेच आणि सगळ्यात वर सीड ४२, म्हणजे रँडम आकडे दर वेळी तेच यावेत म्हणून दिलेला आकडा. तरीही सकाळी आलेली अचूकता संध्याकाळी परत येत नाही. सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर तिसराच आकडा दिसतो. कडी म्हणजे सेव्ह करून ठेवलेलं मॉडेल दुसऱ्या दिवशी नव्या नोटबुकमध्ये उघडलं, तर त्याला अक्षरओळखच उरलेली नसते. अचूकता दोन-सव्वादोन टक्के, म्हणजे ४६ चिठ्ठ्यांतून डोळे मिटून एक उचलावी तेवढीच.

हे प्रकरण कुठल्या एका टीमचं नाही, नमुन्यादाखल बांधलेलं आहे. त्यातल्या चुका मात्र रोजच्या कोडमध्ये हमखास सापडतात. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग वापरायचं.

मांडणी

डेटा म्हणजे नेपाळमध्ये तयार झालेला, २०१५ मधला हस्तलिखित देवनागरी अक्षरांचा खुला संच. त्यात ९२,००० चित्रं आहेत. वर्ग ४६ (३६ व्यंजनं आणि १० अंक), प्रत्येक वर्गात २,००० चित्रं, प्रत्येक चित्र ३२ बाय ३२ पिक्सेलचं आणि कृष्णधवल. ७८,२०० प्रशिक्षणाला आणि १३,८०० चाचणीला, अशी वाटणी आधीच केलेली मिळते. मराठीसाठी वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: व्यंजनं नेपाळी वर्णमालेतली आहेत, क ते ज्ञ. यात ळ नाही. त्याच्याकडे शेवटी यायचंच आहे.

प्रशिक्षणाच्या ७८,२०० मधून दहा टक्के, म्हणजे ७,८२० चित्रं व्हॅलिडेशनला (शिकत असताना मधूनमधून पडताळायला) काढली. उरली ७०,३८०. एका वेळी शिकवायच्या चित्रांची बॅच १२८ ची, त्यामुळे एका एपॉकमध्ये (सगळ्या चित्रांच्या एका फेरीत) ५५० बॅच होतात आणि शेवटची बॅच १०८ चित्रांची. मॉडेल साधं आहे: दोन कन्व्होल्यूशन (चित्रातले आकार टिपणारे थर), एक ड्रॉपआउट (शिकताना काही मूल्यं रँडमपणे शून्य करणारा थर), शेवटी ४६ आउटपुट. पायटॉर्च ही लायब्ररी (कोडमध्ये टॉर्च), चार वर्कर (चित्रं वाचून देणारे वेगळे प्रोसेस), ३० एपॉक. प्रत्येक चित्र वाचताना नमपाय या गणिती लायब्ररीकडून रँडम कोन घेऊन ते उणे १० ते अधिक १० अंशांत फिरवायचं.

कोडच्या माथ्यावर सगळीकडे दिसतो तो मंत्र होता: रँडम.सीड(४२), एनपी.रँडम.सीड(४२), टॉर्च.मॅन्युअल_सीड(४२). आणि त्याखाली ओएस.एन्व्हायरन मध्ये पायथनहॅशसीड = ० अशी एक ओळ.

एकच बी, चार रोपं

आधी या तीन ओळी नेमकं काय करतात ते पाहू. सीड म्हणजे रँडम आकडे बनवणाऱ्या यंत्राची सुरुवातीची स्थिती. प्रत्येक लायब्ररीचं यंत्र वेगळं असतं आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. सीड ४२ देऊन पहिला आकडा मागितला, तर पायथनचं रँडम ०.६३९४ देतं, नमपायची जुनी पद्धत ०.३७४५ देते, नमपायचंच नवं डीफॉल्ट_आरएनजी ०.७७४० देतं आणि सीपीयूवरचं टॉर्च ०.८८२३. पायथन आणि जुनं नमपाय दोघंही मर्सेन ट्विस्टर वापरतात, तरी पहिला आकडा वेगळा, कारण सीड आत भरायची रीत वेगळी. डीफॉल्ट_आरएनजी नमपाय १.१७ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे आणि त्याच्या पोटात पीसीजी६४ आहे. जीपीयूवर टॉर्च फिलॉक्स वापरतं, ते आणखी पाचवं.

म्हणून एका लायब्ररीला दिलेला सीड दुसरीला लागू पडत नाही, हे झालं पहिलं. दुसरं असं की सीड फक्त रँडम आकड्यांनाच बांधतो. फाइल कुठल्या क्रमाने वाचल्या जातात, बेरीज कुठल्या क्रमाने होते, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. या प्रकरणातला अर्ध्याहून जास्त घोळ या दुसऱ्या प्रकारचा आहे.

पायथनहॅशसीडच्या ओळीबद्दलही इथेच सांगायला हवं, कारण ती इंटरनेटवर कॉपी होत होत सर्वत्र पसरली आहे. अक्षरमालांचा हॅश (मजकुरावरून निघणारा आकडा) दर रनला तोच ठेवायला हे मूल्य असतं, आणि ते इंटरप्रिटर सुरू होताना एकदाच वाचलं जातं. चालू प्रोग्रामच्या आतून ते बदललं, तर त्या प्रोग्रामवर काडीचाही परिणाम होत नाही. ते टर्मिनलमध्ये, पायथन सुरू करण्याआधी द्यावं लागतं. कोडमध्ये ती ओळ पाहून निर्धास्त झालेले लोकच खालच्या सापळ्यात सापडतात.

ठसे घेत पुढे जाणं

३० एपॉक चालवून शेवटची अचूकता जुळते का हे बघणं, ही सगळ्यात महागडी आणि सगळ्यात कमी सांगणारी तपासणी. पहिल्या पायरीवरचा (एक बॅच म्हणजे एक पायरी) कणभर फरक पाचशे पायऱ्यांनी मोठा झालेला असतो आणि तो कुठून आला ते कळत नाही. त्याऐवजी वाटेत ठिकठिकाणी ठसे घ्यायचे आणि दोन रनमध्ये पहिला न जुळणारा ठसा कुठला ते शोधायचं.

ठसा म्हणजे शा२५६ हॅश, बाइट्सवरून काढलेला, एक बाइट बदलला तरी बदलणारा आकडा. फाइलची यादी एका ओळीत जोडून तिचा हॅश, वर्गांच्या क्रमांकांचा हॅश, व्हॅलिडेशनमध्ये गेलेल्या नावांचा हॅश, सुरुवातीच्या वेट्सच्या (मॉडेल शिकताना बदलतं त्या आकड्यांच्या) बाइट्सचा हॅश, पहिल्या बॅचच्या बाइट्सचा हॅश. मग पहिल्या आणि विसाव्या पायरीचा लॉस, म्हणजे मॉडेल किती चुकतंय त्याचं माप. लॉस चार दशांशांपर्यंत छापू नये. ३.८३१२ आणि ३.८३१२ सारखे दिसतात, पण आत सातव्या स्थानी फरक असू शकतो. फ्लोटचं (दशांश आकड्याचं) हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरचं, रूप छापावं, म्हणजे शेवटचा बिटही दिसतो. जाता जाता एक फुकटची तपासणी होते: ४६ वर्गांना सारखी शक्यता देणाऱ्या, अजून काहीच न शिकलेल्या मॉडेलचा लॉस ४६ च्या नैसर्गिक लॉगइतका, म्हणजे ३.८३ च्या आसपास यायला हवा. तो १० आला, तर आधी ते बघा.

हे सगळं आधी सीपीयूवर, वर्कर शून्य ठेवून, वीस पायऱ्यांपुरतं चालवायचं. ते जुळलं की वर्कर चार, तेही जुळलं की जीपीयू. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची.

पहिला ठसाच चुकला

एकाच मशीनवर फाइलच्या यादीचा ठसा जुळला, पण दोन लॅपटॉपवर नाही. यादी ओएस.लिस्टडिर मधून येत होती आणि ते फंक्शन क्रमाची कसलीही हमी देत नाही. फाइलसिस्टिम जशी देईल तशी यादी. विंडोजच्या एनटीएफएसवर ती बहुधा नावांप्रमाणे लावलेली येते, म्हणून तिथे वाढलेल्या कोडमध्ये ही चूक वर्षानुवर्षं दिसत नाही. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर मोठ्या फोल्डरमधला क्रम नावांच्या हॅशवर ठरतो आणि त्या हॅशचा बीजांक डिस्क फॉरमॅट करताना ठरतो. तेव्हा दोन लिनक्स मशीनवरही क्रम निराळा असू शकतो. सीड ४२ ने पत्ते दोन्हीकडे अगदी सारखे पिसले गेले, पण गड्डीच वेगळी लावलेली होती.

ही चूक फक्त नवशिक्यांची नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रेणूंच्या एनएमआर चाचणीतले शिफ्ट काढणाऱ्या पायथन स्क्रिप्ट वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगवेगळी उत्तरं देतात, हे २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. मुळाशी हेच होतं: ग्लॉब या फाइल शोधणाऱ्या फंक्शनने दिलेला फाइलचा क्रम. उपाय एका शब्दाचा आहे. यादी सॉर्टेड मधून काढायची.

दुसरा ठसा, वर्गांच्या क्रमांकांचा, तर एकाच मशीनवरही दर रनला बदलत होता. ओळ होती: वर्ग = लिस्ट(सेट(लेबल्स)). पायथन ३.३ पासून अक्षरमालांचा हॅश प्रत्येक रनला मुद्दाम वेगळा ठेवला जातो (सुरक्षेसाठी), आणि सेटमधला क्रम हॅशवर ठरतो. म्हणजे एका रनमध्ये क हा वर्ग १७ होतो, दुसऱ्यात ३. प्रशिक्षण चालू आहे तोवर काहीच बिघडत नाही, कारण त्या रनपुरतं सगळं एकमेकांशी जुळलेलं असतं. अचूकता उत्तम येते. मॉडेल सेव्ह होतं. दुसऱ्या दिवशी नवा प्रोसेस सुरू होतो, नवा क्रम लागतो आणि मॉडेल बरोबर ओळखलेल्या क ला १७ म्हणतं, पण आजच्या यादीत १७ वर ढ बसलेला असतो. सुरुवातीला सांगितलेले दोन-सव्वादोन टक्के ते हेच. एक भागिले ४६ म्हणजे २.१७ टक्के. अचूकता बरोबर एवढ्यावर आली, की वेट्सवर संशय घेण्याआधी लेबलं तपासावीत.

सॉर्टेड लावलं की क्रम पक्का होतो, पण तो वर्णमालेचा क्रम नसतो. या संचातल्या फोल्डरांची नावं कॅरेक्टर_१_का, कॅरेक्टर_१०_यना अशी आहेत. अक्षरमाला म्हणून लावताना शून्य हे चिन्ह अंडरस्कोरच्या आधी येतं. म्हणून १० ते १९ क्रमांकांची फोल्डरं आधी लागतात आणि मग १. वर्ग ० होतो ञ, आणि क जातो १० वर. चालायला हरकत नाही. पण ‘क म्हणजे शून्य’ असं गृहीत धरून कुणी वेगळा कोड लिहिला असेल, तर तो चुकतो. वर्गांची यादी वेट्सबरोबर त्याच फाइलमध्ये सेव्ह करायची आणि मॉडेल उघडताना तीच वाचायची. पुन्हा बनवायची नाही.

चार वर्कर, एकच कोन

या दोन दुरुस्त्यांनंतर वर्कर शून्य ठेवून सगळे ठसे जुळले. वर्कर चार केले आणि दुसरंच प्रकरण निघालं. इथे ठसे जुळत होते! जुळत होते, पण कोन छापून पाहिले तर पहिल्या बॅचमधल्या पहिल्या चित्राचा कोन आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या बॅचमधल्या पहिल्या चित्राचा कोन एकच.

पायटॉर्च १.९ च्या आधी (ती आवृत्ती २०२१ ची) डेटालोडर (बॅच तयार करून देणारा पायटॉर्चचा भाग) प्रत्येक वर्करसाठी टॉर्चचा आणि पायथनच्या रँडमचा सीड वेगळा करत असे, नमपायचा मात्र नाही. लिनक्सवर वर्कर पायथन ३.१३ पर्यंत फोर्कने तयार होत, म्हणजे मूळ प्रोसेसची हुबेहूब नक्कल, नमपायच्या स्थितीसकट. चारही वर्कर एकाच जागेवरून आकडे ओढायला लागतात. आणि पुढच्या एपॉकला वर्कर नव्याने जन्मतात तेव्हा मूळ प्रोसेसमधली नमपायची स्थिती जिथल्या तिथेच असते. म्हणून तेच कोन पुन्हा.

हिशेब मांडला की नुकसान दिसतं. ३० एपॉकमध्ये ७०,३८० गुणिले ३०, म्हणजे २१,११,४०० वेळा कोन निवडला जायला हवा होता. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त काम करणाऱ्या वर्करच्या वाट्याला १३८ बॅच येतात. १३८ गुणिले १२८, म्हणजे १७,६६४. संपूर्ण प्रशिक्षणात एवढेच वेगळे कोन, बाकी सगळी पुनरावृत्ती. कोड चालतो, लॉस उतरतो, एरर येत नाही, रनही तंतोतंत सारखे येतात. रन सारखे आले म्हणजे कोड बरोबर, असं मानणाऱ्याला हा दोष कधीच सापडणार नाही.

१.९ पासून डेटालोडर नमपायच्या जुन्या, जागतिक यंत्रालाही वर्करगणिक सीड देतो. मग प्रश्न मिटला? नाही, त्याने फक्त जागा बदलली. आता शहाणे लोक डेटासेट क्लासच्या इनिट मध्ये सेल्फ.आरएनजी = डीफॉल्ट_आरएनजी(४२) असं लिहितात. हे यंत्र डेटासेटच्या पोटात असतं. डेटासेटची नक्कल प्रत्येक वर्करकडे जाते, तिच्याबरोबर यंत्रही जातं, आणि ते पायटॉर्चला ठाऊकच नसतं. जुना दोष नव्या कपड्यांत. आज हा प्रकार जास्त दिसतो.

शिवाय पायटॉर्चच्या पद्धतीत वर्करचा सीड त्याच्या क्रमांकावर ठरतो. वर्कर चाराचे आठ केले, की कुठलं चित्र कुठल्या वर्करकडे जातं ते बदलतं आणि कोनही बदलतात. सर्व्हरवर आठ कोअर आणि लॅपटॉपवर चार असतील, तर निकाल जुळणार नाहीत.

म्हणून कोन वर्करकडून घ्यायचाच नाही, तो चित्राकडून घ्यायचा. डीफॉल्ट_आरएनजी ला सीड म्हणून आकड्यांची यादी देता येते: [४२, एपॉक, चित्राचा क्रमांक]. त्यातून नवं यंत्र, त्यातून कोन, आणि यंत्र फेकून द्यायचं. मग वर्कर शून्य असो वा सोळा, १२ व्या एपॉकमधल्या ५,००० व्या चित्राचा कोन तोच राहतो. प्रत्येक चित्रामागे यंत्र बांधायला थोडा वेळ जातो, पण डिस्कवरून पीएनजी वाचून उलगडण्यापुढे तो खिजगणतीत नाही.

यातही एक गोम आहे. एपॉकचा आकडा वर्करपर्यंत पोहोचवायचा कसा? मूळ प्रोसेसमध्ये डेटासेट.एपॉक = १२ असं लिहिलं, तर ते नव्याने जन्मणाऱ्या वर्करला कळतं. पण वेग वाढवायला पर्सिस्टंट_वर्कर्स चालू केलं असेल, तर वर्कर पहिल्या एपॉकचेच जिवंत राहतात. त्यांच्याकडच्या नकलेत एपॉक शून्यच असतो आणि तेच कोन परत परत येतात. यावर साधी तोड म्हणजे सॅम्पलरने (पुढचं चित्र कुठलं ते सांगणाऱ्या भागाने) नुसता क्रमांक न देता (एपॉक, क्रमांक) अशी जोडी द्यायची. चित्र काढून देणाऱ्या गेटआयटम ला सॅम्पलर जे देईल ते जसंच्या तसं मिळतं, त्यामुळे हे सहज जमतं.

एक ओळ वाढली आणि सगळं सरकलं

कोणीतरी व्हॅलिडेशन दर एपॉकऐवजी दोन एपॉकनी एकदा करायचं ठरवलं. प्रशिक्षणाच्या कोडला हात लावला नाही, तरी निकाल बदलला. कारण असं की डेटालोडरवर नवा फेरा सुरू झाला की तो टॉर्चच्या जागतिक यंत्रातून वर्करसाठी एक आकडा ओढून घेतो, मग लोडर व्हॅलिडेशनचा का असेना. एक फेरा कमी झाला, एक आकडा कमी ओढला गेला, आणि पुढच्या एपॉकची शफल (चित्रांचा क्रम पिसणं) वेगळ्या जागेवरून सुरू झाली. मधेच नमुना चित्रं दाखवायला टाकलेली रँडमची ओळ, डीबगसाठी बनवलेला जास्तीचा लेअर, सगळ्यांचं असंच होतं. एका नळावर पाच घरं. एकाने बादली जास्त भरली की बाकीच्यांचा हिशेब चुकतो.

त्यामुळे प्रत्येक कामाला वेगळं यंत्र दिलं. एपॉकची शफल डीफॉल्ट_आरएनजी([४२, १, एपॉक]) मधून परम्युटेशन काढून केली. फिरवण्याचं यंत्र [४२, २, एपॉक, क्रमांक] असं झालं. मधला १ किंवा २ हा कामाचा क्रमांक, म्हणजे दोन कामांच्या मालिका चुकूनही एक होत नाहीत. व्हॅलिडेशनच्या लोडरला स्वतःचं टॉर्च.जनरेटर दिलं. जागतिक यंत्र उरलं ते फक्त सुरुवातीची वेट्स आणि ड्रॉपआउट यांच्यासाठी. जॅक्स या दुसऱ्या लायब्ररीत हा प्रश्न मुळातच येत नाही, कारण तिथे जागतिक यंत्र नसतंच. प्रत्येक रँडम आकड्याला चावी द्यावी लागते आणि नवी हवी तर जुनी फोडावी लागते. सुरुवातीला कटकट वाटते, पण शिस्त चांगली आहे.

जीपीयूवर बेरीज

सीपीयूवर सगळं बिटागणिक जुळलं. जीपीयूवर विसाव्या पायरीचा हेक्स जुळेना. इथे रँडम आकड्यांचा काही दोष नाही, दोष आहे बेरजेचा. फ्लोट३२ मध्ये १,६७,७७,२१६ (२ चा २४ वा घात) अधिक १ करून त्यातून १,६७,७७,२१६ वजा केले, तर उत्तर शून्य येतं. आधी वजाबाकी करून मग १ मिळवला, तर एक येतो. शाळेत शिकलेला ‘बेरजेचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही’ हा नियम इथे चालत नाही. जीपीयूवर हजारो धागे एकाच खात्यात अॅटॉमिक पद्धतीने भर टाकतात, आणि कोण आधी पोहोचेल हे दर वेळी निराळं असतं.

एनव्हिडियाच्या सीयूडीएनएन या लायब्ररीतल्या कन्व्होल्यूशनमध्ये फिल्टरचा ग्रेडियंट (वेट्स कुठल्या दिशेने बदलायची ते सांगणारे आकडे) काढण्याच्या पद्धतींपैकी ० आणि ३ क्रमांकाच्या पद्धती अशा आहेत, आणि इनपुटच्या ग्रेडियंटमधली ० क्रमांकाची. त्यात कोडमध्ये वेग मिळावा म्हणून सीयूडीएनएन.बेंचमार्क = ट्रू केलेलं होतं. तसं असलं की प्रत्येक नव्या आकाराच्या बॅचसाठी अनेक पद्धती घड्याळ लावून पळवल्या जातात आणि त्या घटकेला जी वेगवान ठरेल ती निवडली जाते. या प्रकरणात दोन आकार: १२८ ची बॅच आणि शेवटची १०८ ची. जीपीयूवर त्याच वेळी दुसरं काम चालू असेल, तर शर्यत वेगळीच पद्धत जिंकते.

उपाय असे. बेंचमार्क = फॉल्स. सीयूडीएनएन.डिटर्मिनिस्टिक = ट्रू. टॉर्च.यूज_डिटर्मिनिस्टिक_अल्गोरिदम्स(ट्रू). आणि पायथन सुरू करण्याआधी, टर्मिनलमध्येच, क्यूब्लास_वर्कस्पेस_कॉन्फिग ला :४०९६:८ हे मूल्य. कूडा (एनव्हिडियाच्या जीपीयूवर कोड चालवणारी प्रणाली) १०.२ आणि पुढे हे शेवटचं दिलं नाही, तर मॅट्रिक्स गुणाकाराशी रन रनटाइम एरर देऊन थांबतो. त्या एररमध्येच काय करायचं ते लिहिलेलं असतं, तरी लोक घाबरून तिसरी ओळ काढून टाकतात. काढू नये. जिथे ठरावीक क्रमाची पद्धत उपलब्धच नाही, तिथे ही ओळ मुद्दाम एरर देते आणि ऑपरेशनचं नाव सांगते. सगळे अडथळे एकदम बघायचे असतील, तर वॉर्न_ओन्ली चालू करून एक फेरी मारावी, यादी करावी आणि मग परत कडक करावं. वेग कमी होतो. किती, ते मॉडेलवर ठरतं. म्हणून दोष शोधताना आणि अंतिम रनसाठी हे चालू ठेवायचं आणि रोजच्या प्रयोगांत हवं तर बंद.

एवढं करूनही हमी एका प्रकारच्या जीपीयूपुरती आणि त्याच आवृत्त्यांपुरतीच. गूगलच्या कोलॅबवर काल टी४ हा जीपीयू मिळाला आणि आज ए१०० मिळाला, तर आकडे जुळणार नाहीत. ए१०० वर कन्व्होल्यूशन न सांगता टीएफ३२ या कमी अचूक रूपात होतं, त्यात मँटिसाचे (आकड्यातल्या अंकांचे) बिट १० असतात, फ्लोट३२ मध्ये २३. टी४ ला टीएफ३२ ठाऊकच नाही. नमपायचंही धोरण स्पष्ट आहे: जुन्या रँडमस्टेटची मालिका गोठवलेली आहे, नव्या जनरेटरची मालिका पुढच्या आवृत्तीत बदलू शकते. म्हणून लॉगच्या पहिल्या ओळीत पायथन, नमपाय, टॉर्च, कूडा यांच्या आवृत्त्या आणि जीपीयूचं नाव जायला हवं.

वीज गेल्यावर

रन १७ व्या एपॉकला तुटला आणि चेकपॉइंटवरून (मधे साठवून ठेवलेल्या स्थितीवरून) पुढे चालवला, तर न तुटलेल्या रनशी जुळतो का? शफल आणि कोन आता एपॉकच्या आकड्यावरून निघतात, त्यामुळे त्यांची स्थिती साठवायची गरजच उरली नाही. वेगळी यंत्रं केल्याचा हा आयता फायदा. उरलं ड्रॉपआउट. त्यासाठी वेट्स, ऑप्टिमायझर आणि शेड्यूलर यांच्याबरोबर टॉर्च.गेट_आरएनजी_स्टेट आणि जीपीयूसाठी कूडा.गेट_आरएनजी_स्टेट_ऑल साठवायचं. चेकपॉइंट एपॉकच्या शेवटीच घ्यायचा, अधेमधे नाही. उघडताना मॅप_लोकेशन = कूडा दिलं, तर ही स्थितीसुद्धा उचलून जीपीयूवर जाते आणि परत बसवताना ‘स्थिती बाइटटेन्सर हवी’ अशी एरर येते. ती सीपीयूवर ठेवूनच परत द्यायची.

किती सीड

आता सीड ४२ चा आकडा दर वेळी तोच येतो. तो मॉडेलचा गुण आहे की ४२ चा, हा प्रश्न राहतोच. चाचणीच्या १३,८०० चित्रांवर अचूकता ९८ टक्क्यांच्या घरात असेल, तर नुसत्या नमुन्यामुळे येणारी प्रमाणत्रुटी सुमारे ०.१२ टक्के निघते. त्यावर सीडमुळे होणारी हालचाल वेगळी. म्हणून दोन मॉडेलांची तुलना करताना वाटणी तीच ठेवून पाच सीड, दोन्हींना तेच पाच, आणि सरासरीबरोबर प्रमाण विचलन. पाचातला सर्वोत्तम छापायचा नाही. फ्रान्समधले संशोधक डेव्हिड पिकार यांनी २०२१ मध्ये सिफार-१० या चित्रसंचावर १०,००० पर्यंत सीड चालवून फार चांगले आणि फार वाईट सीड सापडतातच, हे दाखवलं. त्यांनी थट्टेने पुढे केलेला ३४०७ हा सीड आता लोक खरोखरच वापरतात, हा भाग निराळा.

ळ आल्यावर

समजा, मराठीसाठी ळ ची २,००० चित्रं गोळा केली, १,७०० प्रशिक्षणाला आणि ३०० चाचणीला. फोल्डर केलं कॅरेक्टर_३७. आता दोन गोष्टी हलतात.

पहिली, वाटणी. ७९,९०० नावांच्या यादीवर सीड ४२ ने शफल केली, तर ती आधीच्या शफलशी कुठेच जुळत नाही. जुन्या व्हॅलिडेशनमधली जवळपास ९० टक्के चित्रं प्रशिक्षणात जातात आणि नव्या व्हॅलिडेशनमधली बहुतेक जुनी चित्रं आधीच्या मॉडेलने पाहिलेली असतात. जुन्या मॉडेलची नव्याशी तुलना करायला गेलं, की जुनं उगीचच हुशार दिसतं. म्हणून वाटणी सीडवर ठेवायचीच नाही, नावावर ठेवायची: फोल्डरसकट फाइलच्या नावाचा झेडलिब.सीआरसी३२ (नावावरून निघणारा, दर रनला तोच राहणारा आकडा), त्याला १० ने भागून बाकी शून्य आली तर व्हॅलिडेशन. पायथनचं हॅश फंक्शन इथे चालणार नाही, ते दर रनला बदलतं. मार्ग डेटाच्या फोल्डरपासूनचा सापेक्ष घ्यायचा आणि विंडोजवरच्या उलट्या तिरक्या रेघा सुलट्या करून घ्यायच्या, नाहीतर तिथला सीआरसी वेगळा येतो. अशाने ७८,२०० चित्रांवर व्हॅलिडेशनचा आकडा नेमका ७,८२० येत नाही. ८४ इतकं प्रमाण विचलन धरून थोडा इकडेतिकडे येतो. वर्गागणिक समतोलही थोडा ढळतो. तेवढं सोसायचं, कारण एकदा ठरलेलं चित्र पुन्हा जागा सोडत नाही.

दुसरी, वर्गांचे क्रमांक. सॉर्टेड मध्ये कॅरेक्टर_३७ हे कॅरेक्टर_३६ च्या पुढे आणि कॅरेक्टर_३_गा च्या आधी घुसतं. ळ ला २९ मिळतो, आणि ग, घ, ङ, च, छ, ज, झ आणि दहाही अंक, असे १७ वर्ग एकेक घर पुढे सरकतात. जुनी वेट्स घेऊन पुढे शिकवायला बसलं, तर मॉडेल ग ला ळ म्हणायला लागतं. चेकपॉइंटमधली ४६ वर्गांची यादी जशीच्या तशी उघडायची आणि ळ तिच्या शेवटी, ४६ क्रमांकावर जोडायचा.